पहिला चमचा

माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच खुर्चीवर बसलेल्या बाईशी माझा मुलगा हसत होता. गेल्या वर्षभरात माझ्याशी तो एकदाही असा हसला नव्हता.

ती टॅम्सिन. विचार आणि वागणूक तपासून बघायची थेरपी देणारी. आमच्या केप ब्रेटन बेटावरची नव्हे, बाहेरून आलेली. दारावर टकटक करून उभी राहिली तेव्हाच मला ते कळलं. आमच्याकडे माणसं सरळ आत येतात आणि चहाची किटली चढवायला सांगतात.

यूअनला ऐन विशीत स्किझोफ्रेनिया झाला. कानात एक आवाज यायचा आणि अन्नात काहीतरी कालवलंय म्हणून सांगायचा. तो इस्पितळातून घरी आल्यापासून त्याला वाढलेल्या अन्नातला पहिला चमचा मी खात आले. मी गिळायचं, थोडा वेळ धडधाकट बसून दाखवायचं, मग तो जेवणार. शेजारची मॉर्ना म्हणालीही, "अगं एफी, हा काय राजदरबार आहे का?" म्हणू दे. औषधं डॉक्टरांनी दिली असतील, पण माझ्या पोराला जगवलं ते माझ्या चमच्याने.

आणि ही कालची पोरगी त्याला विचारते, "यात विष असेल अशी आज किती खात्री वाटतेय? शंभरपैकी?"

"साठ," तो म्हणाला.

साठ कसले, शून्य! वर्षभर मी हेच ओरडत होते. ती मात्र वाद घालत नाही, नुसती मान डोलावते, आणि पोरगा पोपटासारखा बोलत सुटतो. आवाज कुणासारखा आहे? तर म्हणे शाळेतल्या हॉकीच्या कोचसारखा. हे मला किटली भरताना, पाठमोरं उभं राहून ऐकावं लागलं. मी विचारलं की नेहमी एकच उत्तर, "काही नाही गं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मग करून बघायचं?" टॅम्सिन त्याला म्हणाली. "आज आईने आधी चाखायचं नाही. कोच म्हणतो तसं खरंच होतं का, ते तूच बघ."

मी चाखायचं नाही! माझ्या घरात! मी चाउडरचे, म्हणजे माशाच्या दाट सुपाचे, वाडगे टेबलावर ठेवले आणि यूअनच्या वाडग्यातला एक चमचा सगळ्यांदेखत तोंडात घातला.

"चव बघितली फक्त," मी म्हटलं.

यूअन निमूटपणे जेवला. टॅम्सिनची गाडी वळणाआड गेली तेव्हा मला अगदी गार वाटलं.

मागे वळून बघते तर यूअनने पातेल्यातून पुन्हा वाडगा भरून घेतला होता.

"आई, तू न चाखता मी हे खाईन का? काय वाटतं तुला?"

"नाही खाणार."

"किती खात्री? शंभरपैकी?"

"तिची अक्कल माझ्यापुढे पाजळू नकोस!"

"सांग ना."

"नव्वद."

तो गप्प माझ्याकडे बघत राहिला. हे असं थांबणंसुद्धा तिच्याकडूनच शिकलेला.

"खाशील रे," माझ्या तोंडून निघून गेलं. "खाशील. आणि मग माझं काय काम उरलं? मनातलं सगळं तर तिलाच सांगतोस."

"कारण ती रडत नाही, आई," तो म्हणाला. "जरा बाहेर थांबतेस?"

कोट अडकवून मी पायरीवर गेले आणि खिडकीतून बघत राहिले. चमचा वाडग्यावर अडला होता. त्याचे ओठ हलत होते, कोचशी काहीतरी चाललं होतं. त्याने एकदा खिडकीकडे बघावं, एवढंच मला हवं होतं. मी धावत आत गेले असते. त्याने बघितलं नाही. पहिला चमचा खाल्ला. मग दुसरा. मला आनंद झाला, नाही असं नाही, पण त्याआधी जो जळफळाट झाला तो माझा मलाच ठाऊक.

"आई!" आतून हाक आली.

मी दार ढकलूनच आत शिरले. "काय झालं? काय होतंय तुला?"

"काही नाही गं. मीठ कमी आहे."

वर्षभर रोज पहिला चमचा मी खात होते, आणि मिठाकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. मी मिठाची बाटली त्याच्यापुढे सरकवली आणि माझ्यासाठी वाडगा भरून घेतला.