मी राबाची जमीन नव्हते

मित्रांनो, मी राई गावाजवळच्या टेकडीच्या उतारावरची जुनी माती आहे. विमलाबाईंच्या नातीचे, संचिताचे लग्न झाले त्या साली, म्हणजे २०१९ साली, मला पहिल्यांदा आग लावली.

कातळ झिजून, पाला कुजून मी तयार झाले. बोटभर थराला शेकडो वर्षे लागली. पायथ्याला विमलाबाईंचे घर. मी पाऊस पोटात घेत असे, आणि त्यांच्या विहिरीला पाणी राही.

आग लावली त्यांच्या दिराने, धर्माजीने. भाताची रोपे टाकण्याआधी वाफ्यावर शेण-पाला रचून भाजतात, त्याला राब म्हणतात. धर्माजीला वाटले, तसाच डोंगरही भाजावा, म्हणजे गवत दाट येईल.

विमलाबाई म्हणाल्या, "राबावर तू वरून माती पसरतोस, वारा बघतोस. डोंगरावर कोन पसरनार?"

"वयनी, राब मला शिकवतेस? मंग तू शेत बघ, चूल मी सांभाळतो. यंदा गवत बघ."

गवत खरेच कमरेएवढे आले. तो राखेचा जोर होता, एका पावसाळ्यापुरता. "झकास माती हाय," धर्माजी म्हणाला. ते माझे शेवटचे कौतुक.

मग तो दरवर्षी पेटवू लागला. गांडुळे भाजून मेली. जळक्या पाल्याचा मेणचट थर माझ्या कणांवर बसला आणि पाणी आत शिरेना. राख खाडीत वाहून गेली. झुडपे मेली, तरी त्यांची मुळे मला दोन-तीन वर्षे धरून होती. पुढे तीही कुजली.

विमलाबाईंच्या अंगणात गाळ येऊ लागला. "धर्माजी, डोंगर माझ्या दारात येतोय. एक वरीस नको पेटवू. झुडपं येऊ दे."

"बरं, न्हाय पेटवत," तो म्हणाला. एप्रिलमध्ये त्याने पेटवलेच.

त्या पावसाळ्यात मी सुटून खाली कोसळले. लोक म्हणाले, मातीने घात केला. धर्माजीही मान खाली घालून तेच म्हणाला. मी घात केला? मला धरून ठेवणारे हात कोणी जाळले, हे एकानेही विचारले नाही.

मित्रांनो, राब वाफ्यातच भाजावा. उतार पेटलेला दिसला तर गवताच्या आशेने गप्प राहू नका. मला पुन्हा धरायला झुडपांना वर्षे लागतात.

विमलाबाई २०२४ च्या जुलैत, नऊ तारखेला सकाळी, भाकरी थापताना वारल्या. त्यांच्या अंगावर मीच होते.