लेंड्यांवरचा आळ

वांग्याच्या वाफ्यातून उपटलेला तणाचा झुबका मानसिंगानं येडू धनगराच्या पायाशी टाकला. "तुज्या मेंढरांचं खत. बघ डोळं भरून."

भादव्यातली उघडीप होती. ज्वारीच्या पेरणीआधी येडूची मेंढरं मानसिंगाच्या मोकळ्या रानात मुक्कामाला बसत. लेंड्या जमिनीला, धान्य येडूला, हा रिवाज दोघांच्या बापांपासूनचा. आता मानसिंग म्हणत होता, रानातून उचलून वाफ्यात टाकलेल्या लेंड्यांतून हे बी आलं, दिवस मावळायच्या आत कळप हलव. हा आळ घेऊन गेल्यावर शिवारात दुसरं कुणी मेंढरं बसवून घेणार नव्हतं. मग येडूच्या घरात वर्षाची ज्वारी कुठून यायची?

येडूनं पान चावून पाहिलं. आंबट. आंबुशी त्याला ठाऊक होती. पण ती जमिनीलगत सरपटत पसरते, तिला पिवळं फूल आणि बियांच्या शेंगा. हे देठावर ताठ, फूल जांभळट. त्यानं खुरप्यानं हलकेच माती सारली. खाली लसणाच्या पाकळीएवढा गड्डा, भोवती दाण्यांएवढी त्याची पिल्लं.

"ही आपली आंबुशी न्हवं, मालक. परमुलखातली हाय. हिची शेंग दावा मला."

मानसिंगानं चिडून वाफा पालथा घातला. सुकलेली फुलं कैक सापडली, शेंग एकही नाही.

"बीच न्हाय, तर लेंडीतनं काय येणार?"

"गड्डं खाल्लं असतील."

"मेंढरू शेंडा खातंय, जमीन उकरत न्हाय. आन मेंढरं बसली त्या रानात ह्ये एक तरी रोप हाय का?"

तण जिकडं दाट होत गेलं तिकडं येडू चालत राहिला, तो विहिरीजवळच्या गुलाबापाशी पोचला. तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. मानसिंगाची आई, सोजरबाई, शेजारीच वांगी तोडत होती. गुलाब कुठला, असं येडूनं तिला विचारलं.

"सोलापूरच्या बंगल्यातनं ह्यानंच आणला की," लेकाकडं न बघता ती म्हणाली. "मातीच्या ढेकळासकट, पोत्यात गुंडाळून. दोन सालं झाली."

मानसिंग ताडताड गुलाबाशी आला आणि दोन्ही हातांनी तण ओरबाडायला वाकला. येडूनं त्याचं मनगट धरलं. मालकाच्या अंगाला त्यानं आजवर कधी हात लावला नव्हता.

"उपटू नगा. पाला हातात येतोय, पिल्लं मातीत ऱ्हात्यात. दर खुरपणीला आपुनच ती वाफाभर पेरली."

मनगट सुटायला वेळ लागला. मग मानसिंगानं कुदळ आणली आणि गुलाबासकट ढेकूळ वर काढलं. दुपारभर सोजरबाई चाळणीनं माती चाळत बसली, दाण्यांएवढी पिल्लं वेचून चुलीत जाळायला टोपलीत टाकत राहिली.

चुकलं असं मानसिंग काही म्हणाला नाही. ऊन उतरल्यावर कुदळीची माती खरवडता खरवडता त्यानं खाली बघतच विचारलं,

"आज कंच्या तुकड्यात बसवतोस?"

"वढ्याकडच्या," येडू म्हणाला, आणि मेंढरं वळवायला निघाला.