मी धुराचा डबा

मी डबा बोलतोय. पत्र्याचा, बुडाला भोकं पडलेला, एका अंगाने चेपलेला. आधी हसून घ्या. मला बघून आमच्या गिजी बोअर वस्तीतली कुत्रीसुद्धा हसतात, आणि त्यांचे दात तरी कुठे धड आहेत.

माझा जन्म शहरातल्या कारखान्यात झाला. पोटात पीठ भरून मला इकडे लाल मातीत धाडलं. ज्यांची ही जमीन, त्या आमच्या लोकांना तेव्हा पीठ, साखर आणि चहा पोलीस चौकीच्या खिडकीतून मिळायचं. रांगेत उभं राहायचं, मान खाली घालायची, मग पीठ. माझी आताची मालकीण मर्ल मावशी, तिच्या आईने मान वर ठेवूनच मला उचललं आणि गोऱ्या साहेबाला विचारलं, "डबा परत मागणार, का आतल्या किड्यांसकट आमचा?" तेव्हापासून मी या घरचा. चौकी मात्र माझ्या जुन्या ओळखीची.

पीठ संपलं आणि मी कामाला लागलो. माझ्यात कांगारूच्या शेपट्या शिजल्या, गोधड्या धुतल्या, फुटबॉलच्या वेळी मी गोलाचा खांब झालो. पोरं माझ्यात बसून आंघोळ करायची. त्यात मर्ल मावशीच्या बहिणीचा एक होता. पाणी घातलं की पहिल्यांदा मुतायचा, मग माझ्या काठावर दोन्ही हातांनी ताल धरून गायचा. मी तक्रार केली नाही. सूर वाईट होता, ताल पक्का होता.

त्याचं नाव मी सांगणार नाही. गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही. त्याच नावाचा एक म्हातारा इथे आहे, त्यालाही आता सगळे "ए टोपी" म्हणूनच हाक मारतात. त्याने बिचाऱ्याने मुद्दाम नवी टोपी घेतली.

माझं बूड गंजलं तेव्हा आर्नी मामाने, म्हणजे मर्ल मावशीच्या भावाने, खिळ्याने भोकं पाडून मला धुराचा डबा केलं. कोणी गेलं की माझ्यात निखारे घालायचे, वर ओली पानं, आणि तो माणूस जिथे गेला तिथे धूर फिरवायचा. जाणाऱ्याची वाट मोकळी होते, राहणाऱ्यांची छातीही.

त्या पोराला पोलिसांनी दुकानासमोरून उचललं. गुन्हा काय, तर आपली टीम जिंकली म्हणून मोठ्याने गात होता. लहानपणापासून त्याचं हृदय अधू, दर महिन्याला इंजेक्शन लागायचं. हे दवाखान्याला माहीत होतं आणि चौकीलाही. सकाळी तो दोन नंबरच्या कोठडीत मेलेला सापडला.

त्याच्या आईने एकच विचारलं, "माझ्या पोराने हाक मारली होती का?"

कोठडीच्या भिंतीत एक बटण असतं. दाबलं की समोरच्या टेबलावर घंटी वाजते आणि बोलता येतं. चौकीचा सार्जंट डगन साहेब टोपी काढून म्हणाला, "बाई, ते बटण गेल्या उन्हाळ्यापासून बंद आहे. आजही बंदच आहे, शहरातून दुरुस्तीवाला येत नाही. पण तो शांत झोपला होता हो. ओरडला असता तर आम्ही ऐकलंच असतं."

खरं-खोटं कोण बघणार होतं? पोलीसच. ते स्वतःला फार कडक प्रश्न विचारतात म्हणे. उत्तरंही स्वतःच देतात, म्हणून लवकर उरकतं.

मर्ल मावशी मला काखेत मारून चौकीत गेली. "साहेब, कोठडीत धूर करायचाय."

"जरूर. तुमच्या रीतींबद्दल आम्हाला आदर आहे," डगन म्हणाला. "आत कोण कोण येणार?"

"मी, भाऊ, पोराची आई, आमची वकील. आणि तुम्ही."

"मी कशाला?"

"आदर आहे म्हणालात ना."

कोठडीत मला बाकाजवळ ठेवलं. आर्नी मामाने ओली पानं अशी कोंबली की मलाच ठसका लागला.

"आर्नी, पुरे की," मावशी म्हणाली.

"अगं, पोलीस चौकी आहे. इथे एका डब्याने काय होतंय."

धूर छताला लागला, मग खाली उतरला. डगन खोकत खोकत दाराकडे सरकला. दारात मावशी उभी होती. ती उभी राहिली की दार दिसत नाही.

"अर्ध्यातून कोणी बाहेर जात नसतं, साहेब."

हा नियम मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. आर्नी मामाने मात्र फार गंभीरपणे मान डोलावली.

"पंखा," डगन म्हणाला, "पंखा लावायला सांगतो," आणि डोळे मिटून भिंत चाचपली. बटणावर 'बंद' असं लिहिलेला कागद चिकटवलेला होता. साहेबाने कागदासकट बटण दाबलं.

समोर टेबलावर घंटी वाजली. खणखणीत. आणि भिंतीतून टेबलावरच्या पोलिसाचा आवाज आला, सवयीचा, तोंडात घास असल्यासारखा. "परत तू, दोन नंबर? किती वेळा सांगायचं? गप पडून राहा."

डगनचा खोकला थांबला.

"मारली होती," पोराची आई म्हणाली. "माझ्या लेकराने हाक मारली होती."

आर्नी मामाने विचारलं, "साहेब, दुरुस्तीवाला येऊन गेला वाटतं?"

वकीलबाईंचा फोन सुरू होता. सगळं त्यात आलं. हे आधीच ठरलं होतं का, असं लोक विचारतात. मावशी शपथेवर सांगते, नव्हतं. मामाही सांगतो, नव्हतं, आणि डोळा मारतो.

दुसऱ्या दिवशी चौकीने कळवलं की बटण धूर केला त्याच सकाळी दुरुस्त झालं होतं. कोणी केलं? नाव आठवत नाही. त्या आवाजाची बदली झाली, समुद्रकिनारी. शिक्षा आहे का सुट्टी, ते त्यालाच ठाऊक. पण प्रकरण पोलिसांच्या हातून सुटलं आणि कोर्टात गेलं.

आता मी कोर्टाच्या पायरीवर असतो. उघड्यावर धूर करायला मनाई आहे, अशी पाटी त्यांनी माझ्यासमोरच लावली. मग मावशीने मला पालथा घातला. प्रत्येक तारखेला पोराची आई माझ्यावर दोन्ही हातांनी ताल धरते. तोच, आंघोळीतला. पुढची तारीख पडते, ती पुन्हा येते.

परवा एक शिपाई बाहेर आला. "मावशी, आत सगळं ऐकू येतंय."

"असं का?" मावशी म्हणाली. "म्हणजे चालू आहे."

वाचणाऱ्या बाबांनो, बायांनो, तुमच्याही गावात चौकी असेल, आणि आतून कोणी हाक मारत असेल. 'बंद' लिहिलेल्या कागदावर विश्वास ठेवू नका, एकदा दाबून बघा. माझं म्हणाल तर मी गंजलोय, चेपलोय, भोकांनी भरलोय. पण त्या बटणासारखी मला वायर नाही. काय तोडायचं ते तोडा.