बिनखोकल्याचे तीन दिवस

आमच्या कारखान्यात चोवीस माग आहेत. ते सगळे एकदम चालू झाले की माणसाच्या आवाजाला काडीची किंमत राहत नाही. कानाला तोंड लावून ओरडलं तरी शेजारच्याला फक्त गरम वाफ लागते. म्हणून आम्ही विणकर एकमेकांचे ओठ वाचतो. मला अक्षरं फार उशिरा आली, ओठ मात्र विशीतच यायला लागले होते. वीस पावलांवरून कोण काय म्हणतंय ते मी सांगू शकते. कारखान्यात कुणाचं काही लपत नाही, आणि त्यामुळे कुणी वावगं बोलत नाही. सगळ्यांच्या जिभेला वळण लागलेलं.

माझ्या लेकीच्या लग्नाची बोलणी मी अशीच केली. समोरच्या मागावर ज्या बाई उभ्या राहतात, त्यांचाच मुलगा. दोन चालू मागांच्या मधून, एक शब्द ऐकू न येता, सगळं ठरलं. त्यांनी 'हो' म्हणायला ओठ उघडले आणि आमच्या आधी मागच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून त्या माझ्या विहीणबाई. त्यांचा माग माझ्या समोर, खिडकी त्यांच्या पाठीशी, त्यामुळे दिवसभर उजेड माझ्या तोंडावर.

विहीणबाई वाईट नाहीत. पण त्यांच्या बोलण्यात 'आमच्याकडे असं नसतं' हे वाक्य दिवसातून दहादा यायचं. लेकीनं पडदे निवडले, आमच्याकडे असं नसतं. लेक रविवारी उशिरा उठली, आमच्याकडे असं नसतं. मी सगळं गिळायची. मुलगी दिली की आईच्या तोंडाला कुलूप लागतं आणि किल्ली व्याह्यांकडे जाते.

मग साथ आली. काही महिने कारखाना बंद राहिला. उघडला तेव्हा सगळ्यांच्या तोंडावर मास्क. ओठ गेले आणि अख्खा कारखाना मुका झाला. हातवारे सुरू झाले. मुकादम पाणी मागायचा आणि कुणीतरी माग बंद करायचं. धाग्याच्या कांड्या भरणारा टकलू दोन्ही हात वर करून धागा संपल्याचं सांगायचा, तर आम्हाला वाटायचं आग लागली.

मला मात्र एक निराळाच शोध लागला. मास्कच्या आत मी काहीही बोलू शकत होते! आवाज ऐकू येणार नाही, ओठ दिसणार नाहीत. पहिल्या दिवशी मी भीत भीत नुसतं 'हं' म्हणाले. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंकडे बघून म्हणाले, "कढईचं बूड!" काही झालं नाही. छत कोसळलं नाही. विहीणबाईंनी मान डोलावली. मी डोळ्यांनी हसले.

त्यानंतर मी मागे वळून पाहिलं नाही. सात वर्षांचं साठलेलं. "अगं तुझ्या नाकावर माशी बसायची तर तीसुद्धा आधी परवानगी मागेल." "माझ्या पोरीला रविवारी तरी सातपर्यंत झोपू दे की गं, तुझं घर काय पळून जाणार आहे?" "पडदे तिनं निवडले तर तुझ्या खिडकीला ताप आला का?" हे सगळं हसऱ्या डोळ्यांनी, हातानं धागे सांधता सांधता. संध्याकाळी घरी जाताना मला इतकं हलकं वाटायचं की गुडघेसुद्धा कमी दुखायचे.

आणि गंमत बघा, त्याच काळात तिकडचं घरही सुधारलं. लेक फोनवर म्हणाली, "आई, सासूबाई हल्ली रविवारी स्वतः उठून चहा ठेवतात. मला उठवत नाहीत."

"वय झालं की माणूस निवळतं," मी म्हणाले.

पुढच्या महिन्यात पडदेही लागले.

अशी दोन वर्षं गेली. साथ ओसरली. सक्ती उठल्याचं सरकारनं सांगितलं, आणि मालकांनी मुकादमाला निरोप धाडला की कारखान्यात मास्क ठेवायचा की काढायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. आजवर आम्हाला कुणी काही ठरवायला सांगितलं नव्हतं, त्यामुळे सगळे गोंधळले. चहाच्या सुट्टीत माग बंद करून सभा बसली.

टकलू म्हणाला, "उद्यापासून काढू. दोन वर्षं झाली, शेजारणीला दात आहेत का नाहीत तेही विसरलो."

"तुझ्यापेक्षा जास्त आहेत," शेजारीण म्हणाली.

मला घाम फुटला. कारण एव्हाना माझं तोंड माझं राहिलं नव्हतं. विहीणबाई दिसल्या की ओठ आपोआप चालायचे. जित्याची खोड म्हणतात ती हीच. मास्क काढला की पहिल्याच दिवशी अख्खा कारखाना वाचेल, विहीणबाई वाचतील, आणि माझी लेक त्यांच्या घरात, सातवा महिना चालू, पायांना सूज. तिचं सगळं करणार त्याच. माझ्या दोन ओठांपायी पोरीच्या संसारात काडी पडली तर?

मी उठून उभी राहिले. "घाई नको. शास्त्रानं वागू. सलग तीन दिवस कारखान्यात कुणी खोकलं नाही, की मास्क काढायचे."

शास्त्र म्हटलं की मुकादमाला बरं वाटतं. त्यानं लगेच फळ्यावर खडूनं लिहिलं, 'बिनखोकल्याचे दिवस', आणि खाली मोठं शून्य काढलं.

"मावशी," टकलू म्हणाला, "इथं कापसाचा भुगा उडतो. इथं उंदीरसुद्धा खोकतात. तीन दिवस कसे भरायचे?"

"भरतील तेव्हा भरतील," मी म्हणाले. माझा हिशेब तोच होता. आजवर या कारखान्यात खोकल्याशिवाय एक तास गेला नव्हता.

पण माझा डाव माझ्यावरच उलटला. मास्कमुळे भुगा कुणाच्या घशात जातच नव्हता! आमच्याकडे खोकला ऐकू येत नाही, दिसतो, खांदे हलतात. मुकादम दिवसभर सगळ्यांचे खांदे बघत फिरायचा. पहिला दिवस कोरडा गेला. दुसरा गेला. फळ्यावर दोनचा आकडा आला आणि लोक एकमेकांना बोटं दाखवायला लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत एकही खांदा हलला नाही.

सव्वाचारला मी खोकले. चांगली तीनदा, मागाला धरून.

मुकादमानं कपाळावर हात मारला आणि फळा पुसला. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, बघतच राहिल्या.

पुन्हा मोजणी सुरू झाली. घरी मी आरशासमोर बसून सराव करायला लागले. आरशातल्या बाईला विहीणबाई समजायचं आणि ओठ मिटून ठेवायचे. पाच मोजेपर्यंत जमायचं, सहाला ओठ सुटायचे. मग तोंडात शर्टाचं मोठं बटण धरून बघितलं. एकदा ते गिळता गिळता वाचले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खोकायच्या तयारीत छाती भरून घेतली, तोच समोर विहीणबाईंचे खांदे हलले. धडधडीत खोकल्या. फळा पुन्हा पुसला गेला. मला वाटलं, देव पावला.

टकलूला मात्र वास लागला. सुट्टीत तो मुकादमाला म्हणाला, "दोन्ही वेळा तिसराच दिवस? दोन्ही वेळा चारच्या सुमारास? आणि दोन्ही वेळा विहिणी? हा खोकला घड्याळ बघून येतो का?"

"खाई त्याला खवखवे," मागून कुणीतरी म्हणालं.

मुकादमानं नवा नियम केला. आता जो खोकेल त्यानं थेट दवाखान्यात जाऊन तपासणी करायची आणि आठ दिवस घरी बसायचं.

तिसऱ्यांदा तिसरा दिवस उजाडला. आठ दिवस घरी बसायला माझी ना नव्हती. पण आजारी आईला सातव्या महिन्यातल्या लेकीच्या उंबऱ्याला कुणी उभं करणार नाही, आणि खोटं बोलून मी तपासणीत काय दाखवणार? आणि मी घरी बसले तर माझ्या मागे मास्क निघणारच. म्हणजे खोकलं तरी पंचाईत, न खोकलं तरी पंचाईत. चार वाजले. चोवीस मागांवरचे सगळे डोळे आम्हा दोघींवर. मुकादम तर आमच्या मधे स्टूल टाकूनच बसला होता.

विहीणबाईंनी अचानक माग बंद केला. मला हातानं खूण केली, 'चला'. आम्ही मागच्या गोदामात गेलो. तिथं कापडाच्या ताग्यांची रास असते, आवाज जरा दबतो.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "आता माझ्याच्यानं खोकवत नाही. बरगड्या दुखायला लागल्या."

"पण तुम्ही का खोकलात?"

"तुमच्यासाठी. तुम्हाला मास्क काढायची भीती वाटते ना?"

"मला? कसली भीती?"

त्यांनी माझ्या कानामागून मास्कची नाडी सोडवली आणि मास्क गोदामाच्या झरोक्यासमोर धरला. पलीकडचं झाड दिसलं. फांद्या दिसल्या. फांदीवरचा कावळासुद्धा दिसला.

बाजारातल्या जाड मास्कनं माझा जीव गुदमरायचा, म्हणून मी माझ्याच मागावरच्या उरलेल्या तलम तुकड्यांचे मास्क शिवले होते. दोन वर्षं रोज धुतले. चाळीस वर्षं कापड विणलं, एक धागा कमी पडला तर बोटांना कळतं, आणि माझ्याच तोंडावरचं कापड किती विरलंय ते मी बघितलं नाही. त्यात दुपारपर्यंत श्वासानं ते ओलं व्हायचं आणि ओठांना चिकटायचं. वर खिडकीचा उजेड.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या 'कढईच्या बुडा'पासून."

मी तिथंच ताग्यावर बसले. "मग बोलला का नाहीत?"

"कशी बोलणार? तुमचं तोंड झाकलेलं होतं. झाकल्या तोंडाचं मला कळलं असं कसं म्हणू? तेवढीच माझी सोय. न कळल्याचं सोंग घेता आलं." त्या माझ्या शेजारी बसल्या. "उघड्या तोंडानं म्हणाला असतात तर चार लोकांनी वाचलं असतं. मग मला उत्तर द्यावं लागलं असतं. मला उत्तर देता येत नाही असं समजू नका हं. पण आपण दोघी जात्याचे दोन दगड, आणि मधे पोरगी. तिला भरडायची का?"

रविवारचा चहा आठवला. पडदे आठवले.

"ते पडदे..." मी म्हणाले.

"तुम्ही म्हणालात ते खरं होतं. खिडकीला ताप आला नव्हता." त्या जरा हसल्या. "खरं होतं तेवढं केलं. बाकीचं सोडून दिलं. माशीचं मात्र घरी जाऊन आरशात बघितलं. नाकात काय खोट आहे हो माझ्या?"

"काही नाही. चांगलं सरळ नाक आहे."

"शिव्यांचंही मला काही वाटलं नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा कापला. "पण विहीणबाई, अगं-तुगं? मुलाच्या आईला?"

मी त्यांचे हात धरले. "चुकलं. पुढच्या वेळी अहो-जाहो करीन."

"म्हणजे पुढची वेळ आहेच?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की ठसका लागला. विहीणबाई वाकून खोकल्या, मीही खोकले. दारातून मुकादम आत डोकावला आणि ओरडला, "अरे देवा, दोघी!"

"गोदामातला खोकला धरत नाहीत," विहीणबाई म्हणाल्या. "नियम 'कारखान्यात' असा आहे. जा, तीन लिही."

मुकादम गोंधळला, पण नियम म्हणजे नियम. त्यानं तीनचा आकडा काढला. टकलूनं तिथल्या तिथं मास्क काढून हवेत उडवला. तो पंख्यात अडकला आणि अजून तिथंच फिरतोय.

दुसऱ्या दिवशी सगळे उघड्या तोंडानं आले. पहिला तासभर कुणाला काही सुधरेना. एकमेकांचे चेहरे बघून लोक लाजत होते. मुकादमानं दोन वर्षांत मिशी वाढवली होती आणि ती कुणाला आवडली नाही, हे चोवीस जणांनी त्याला चोवीस प्रकारे सांगितलं. पुन्हा ओठ हलायला लागले, कारखाना बोलायला लागला.

मी तोंडात बटण धरून उभी होते. दहा वाजता लेकीचा विषय निघाला. विहीणबाई ओठांनी म्हणाल्या, "डॉक्टर काही म्हणोत, रोज दोन मैल चालायलाच हवं. आमच्याकडे असं पाय वर करून बसणं नसतं."

बटण माझ्या दातांत वाजलं. ओठ थरथरायला लागले. विहीणबाईंनी ते बघितलं. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "बोलायचंय? वळू का?"

मी मान डोलावली.

त्या वळल्या आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी बटण काढलं आणि मनसोक्त बोलले. सगळं अहो-जाहो करून. झाल्यावर पुढे होऊन त्यांच्या खांद्याला बोट लावलं, आणि त्या परत वळल्या. जेवणाच्या सुट्टीत लेकीचा फोन आला की सासूबाईंनी फोन करून चालणं एका मैलावर आणलंय. पाठीला डोळे असतात की काय कोण जाणे. कदाचित खिडकीच्या काचेत दिसत असेल. मी विचारलं नाही.

चार वाजता विहीणबाईंचे ओठ घट्ट मिटलेले दिसले. नाकपुड्या फुगलेल्या. आता माझी पाळी होती.

"वळू का?" मी विचारलं.

त्यांनी जोरात मान डोलावली.

मी वळले. माझ्या मागे काच नव्हती, भिंत होती. भिंतीपाशी टकलू कांड्या भरत बसला होता. तो माझ्या खांद्यावरून विहीणबाईंकडे बघत होता. आधी त्याचे डोळे मोठे झाले. मग त्यानं हातातली कांडी खाली ठेवली. मग तो पोट धरून हसायला लागला, आणि हसता हसता टोपलीत बसला. मी उभी होते, पाच मिनिटं, दहा मिनिटं. सात नव्हे, नऊ वर्षांचं साठलेलं असणार, वेळ लागणारच.

माग बंद झाल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. "खरं सांग, काय म्हणत होत्या रे?"

टकलूनं डोळे पुसले, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाला, "मावशी, ते सांगायचं तर मला मास्क लावावा लागेल."