दोन दाब, तिसरा धर

मी बोलतेय, फाटकाच्या आत भिंतीला खेटून उभी असलेली निळी गाडी. वय सांगायला मला लाज नाही, एकतीस पूर्ण झाली. रंग दोनदा चढला, डावा दरवाजा एकदा बदलला आणि मागच्या वर्षी तर काळीजच बदललं. तरी मी तीच आहे, असं माझं म्हणणं. काही लोकांना हे पटत नाही. त्यांनी आपले दात मोजावेत.

कारखान्याने मला धडधाकट बनवलं, फक्त पोट नाजूक दिलं. पेट्रोल आणि हवा कालवून इंजिनाला भरवायचं काम एका कार्ब्युरेटरकडे होतं आणि तो पक्का लहरी. थंडीत इंजिनाला उपाशी ठेवायचा, उन्हात इतकं पाजायचा की ते गुदमरायचं. याला आमच्यात ओव्हरफ्लो म्हणतात. ओव्हरफ्लो झालेल्या गाडीपुढे भल्याभल्यांनी हात टेकले आहेत.

मला घरी आणणाऱ्यांनी मात्र टेकले नाहीत. ते घड्याळं दुरुस्त करायचे. घरात आणि शेजारीही सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांनी आठ दिवसांत माझी नाडी ओळखली. अॅक्सिलरेटर दोनदा दाबायचा, तिसऱ्यांदा तळाला टेकवून तसाच धरायचा आणि मग किल्ली फिरवायची. जास्तीचं पेट्रोल निघून जायचं, मी खोकायचे आणि चालू व्हायचे. "दोन दाब, तिसरा धर," असं ते घरात येईल त्याला शिकवत. शेजाऱ्यांनी एकदा मला उसनं नेलं तर मामा फाटकापर्यंत मागे गेले आणि पुन्हा एकदा म्हणून दाखवलं.

त्यांची भाची माझ्यावरच गाडी शिकली. पाय पुरत नव्हते म्हणून पाठीशी उशी घ्यायची आणि ओठातल्या ओठात तेच पुटपुटायची. पुढे ती मेकॅनिक झाली, स्वतःचं गॅरेज काढलं. इतर गाड्यांशी ती कडक बोलते, माझ्याशी नाही.

आमचं घर चढावर आहे. म्हातारपणी तो चढ मला भारी पडू लागला. मधल्या वळणावर मला इतका दम लागायचा की पायी चाललेली माणसं पुढे जायची. भाचीला अपघातात सापडलेल्या माझ्याच जातीच्या एका गाडीचं मोठं इंजिन मिळालं. तिने ते मला बसवलं. कार्ब्युरेटर काढायला मात्र मामांनी साफ नकार दिला.

"इंजिन बदल, काय हवं ते बदल. पण त्याला हात लावायचा नाही. त्याचा स्वभाव मला माहीत आहे."

झालं. वाघाच्या पंगतीला वाढायला मुंगी बसवली. नवं इंजिन मागायचं एक, तो द्यायचा भलतंच. मी काळा धूर ओकू लागले. धुराच्या तपासणीत एकदा नापास झाले, मग दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा नापास झाले की नोंदणी रद्द आणि रवानगी भंगारात, असं पत्र घरी आलं. मामींनी ते मोठ्याने वाचलं, कारण मामांना आता बारीक अक्षर दिसत नव्हतं.

तीच तर खरी अडचण होती. आयुष्यभर भिंगातून केसाएवढ्या स्प्रिंगा पाहिलेल्या त्या डोळ्यांना डॉक्टरांनी गाडी चालवायची मनाई केली. तेव्हा मामी एकसष्टाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलला गेल्या आणि पहिल्या फटक्यात पास झाल्या. पण मी त्यांच्या हाती चालेना. एकदा भर चौकात बंद पडले. मामा शेजारी बसून "दोन दाब, तिसरा धर" म्हणत होते, मागून हॉर्न वाजत होते, आणि मामींचा पाय कधी दोनदा पडे, कधी चारदा. शेवटी त्या उतरल्या आणि पायी घरी आल्या.

"एक तर या गाडीत कार्ब्युरेटरची ती लहर राहील, नाही तर मी बसेन," त्या म्हणाल्या. "तुम्ही ठरवा."

मामांनी दोन दिवस घेतले. मग त्यांनी भाचीला फोन केला.

"तिला इंजेक्शन बसव."

"या वयात तिला सुई टोचणार?" मामींनी विचारलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्या घरात कोणी तरी हसलं.

सुया नव्हत्या, चार इंजेक्टर होते. कार्ब्युरेटर उतरला. त्याच्या जागी पेट्रोल मोजून फवारणाऱ्या चार तोट्या बसल्या, टाकीत नवा पंप गेला, आणि डॅशबोर्डखाली वहीएवढा एक कॉम्प्युटर. किती हवा आली, इंजिन किती तापलं, पेडल किती दाबलं, हे सगळं बघून पेट्रोल किती द्यायचं ते तो ठरवतो. तिसरी तपासणी शुक्रवारी होती. सोमवारी काम संपलं. मामा रुबाबात माझ्या सीटवर बसले आणि किल्ली फिरवली.

काही नाही. स्टार्टर गरगरत राहिला, इंजिन ढिम्म.

मंगळवारी भाचीने पंप तपासला. ठीक. बुधवारी एकेक वायर तपासली. ठीक. ती बॉनेटखाली डोकं घालून ओरडायची, "मामा, मार," आणि मामा किल्ली मारायचे. ठिणगी पडत होती, पण इंजेक्टर एक थेंब टाकायला तयार नव्हते. मामांना बाजूला करून तिनेही सीटवर बसून दोनदा किल्ली मारून पाहिली. मी तशीच. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कशी? माझं तोंड म्हणजे हॉर्न, आणि तोही दुसऱ्याने दाबल्याशिवाय वाजत नाही.

गुरुवारी दुपारी मामांनी भंगारवाल्याला फोन केला. शनिवारी येतो म्हणाला. फोन ठेवल्यावर मामांनी माझ्या छतावर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही. त्या वेळी मी घाबरले होते. उगाच शूर असल्याचं सांगत नाही.

मामी आपली छत्री घ्यायला आल्या. मागच्या सीटवरून छत्री काढली आणि काय वाटलं कोण जाणे, पुढे येऊन बसल्या. "जाण्याआधी एकदा हिच्यात बसते," म्हणाल्या. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं होतं तसा डावा पाय क्लचवर ठेवला, उजवा ब्रेकवर, आणि किल्ली फिरवली.

मी चालू झाले. ना खोकला, ना धूर.

भाचीच्या हातातला पाना पडला. मामा म्हणाले, "थांब, बंद कर. मला बघू दे." ते बसले. गरगर, गरगर, काही नाही. पुन्हा मामी बसल्या. मी चालू. मामा पुन्हा बसले तेव्हा भाचीने बॉनेटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती दारापाशी खाली वाकली आणि मामांच्या पायाकडे बघत राहिली.

दोन दाब. तिसरा धर.

"मामा," ती जमिनीवरच बसली. "पेडल तळाला टेकवून किल्ली फिरवली की या कॉम्प्युटरला वाटतं, गाडी ओव्हरफ्लो झाली. मग तो पेट्रोलच बंद करतो. मला माहीत होतं रे. मी वाचलंय ते."

"मग तू बसलीस तेव्हा?"

"या सीटवर बसले की माझाही पाय तेच करतो. तूच शिकवलंस ना."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मामी म्हणाल्या. "तीन दिवस वायरी उसवत होतात दोघं."

भाची हसत सुटली. मामा हसले नाहीत. त्यांना लागलं असावं. ज्या युक्तीने मला एकतीस वर्षं चालवलं, तीच आता माझ्या घशात बोळा झाली होती. त्यांनी किल्लीच्या कडीत अडकवलेलं घड्याळाचं जुनं पितळी चाक अंगठ्याने फिरवलं. मग किल्ली चाकासकट मामींच्या हातात दिली.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "हलकं वाटतंय. इतकी वर्षं एकच धास्ती होती, मी नसलो तर हिला चालू कोण करणार."

"आणि मला इकडून तिकडे कोण नेणार, ही नव्हती का?" मामींनी विचारलं.

"ती जास्त होती," मामा म्हणाले. मग त्यांनी आत जाऊन भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं.

माझा जीव भांड्यात पडला. माझं भांडं म्हणजे पेट्रोलची टाकी, आणि ती त्या दिवशी अर्धी भरलेली होती.

शुक्रवारी मी पास झाले. तपासणाऱ्याने धूर मोजायची नळी दोनदा लावली, कारण पहिला आकडा त्याला खरा वाटेना. परत येताना मधलं वळण मी बोलता बोलता चढले, आणि मामींनी पायी चाललेल्या शेजाऱ्यांना हात केला.

तुमच्या दारात माझ्यासारखं कोणी म्हातारं असेल, तर एवढंच सांगते. आम्हाला नवं काही बसवायला भिऊ नका, आम्ही तेच राहतो. फक्त काही बिघडलं तर यंत्र उसवण्याआधी एकदा आपल्या पायाकडे बघा. आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तर ती जावी असा हट्टही धरू नका. रोज सकाळी मामी किल्लीला हात घालतात, तेव्हा शेजारच्या सीटवर मामांचा उजवा पाय रिकाम्या चटईवर दोनदा पडतो आणि तिसऱ्यांदा तसाच टेकून राहतो. तिथे कुठलाही सेन्सर नाही. कॉम्प्युटरला त्याचा पत्ता नाही. मामींना आहे. तो पाय तिसऱ्यांदा टेकेपर्यंत त्या थांबतात आणि मगच किल्ली फिरवतात.