घरची हवा

त्या खाजगी दवाखान्याच्या फाटकापासून रस्त्याच्या वळणापर्यंत माणसंच माणसं. पाटीवर टपोरं शून्य, खाली ओळ: 'तीन वर्षांत एकही मृत्यू नाही.' डॉक्टर व्हरांड्यात येऊन हात उंचावून म्हणत, "मरणाला इथे प्रवेश नाही!" आणि गर्दी गहिवरायची. जणू मरण फाटकाबाहेर ओळखपत्र शोधत उभं होतं.

माझ्या धाकट्या बहिणीनेही नवऱ्याला तिथेच नेलं.

"ताई, तुमच्या सरकारी दवाखान्यात महिन्याला बारा जण जातात. इथे शून्य. आकडे तर तुलाच कळतात ना?"

आरोग्य खात्यात आकडेवारी हेच माझं काम. खोलीत मी, पंखा आणि संगणक. दिवसभर कुणी दार ढकलत नाही. त्या दवाखान्याचे रुग्ण मी हिशेबात घातले: वय, आजार, येताना प्रकृती किती बिघडलेली. इतके गंभीर रुग्ण उत्तम दवाखान्यात असते, तरी तीन वर्षांत एकतीस दगावले असते. शंकेची पाल चुकचुकली.

नोंदवही मागवली. चौतीस जणांपुढे एकच शेरा: 'नातेवाइकांच्या इच्छेने घरी.' मी चौतीस फोन लावले.

"डॉक्टर म्हणाले, आता औषध नको, घरची हवा द्या," एक म्हातारा बाप सांगत होता. "गाडीतच गेली हो पोरगी. पण दवाखान्याला बोल नाही. तिथे कुणी मरत नाही."

दोघं बरे होते. बत्तीस जण तीन दिवसांच्या आत गेले होते. मरायला टेकलेला माणूस दाराबाहेर काढायचा, की शून्य शाबूत!

तेवढ्यात बहिणीचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "ताई, यांना सोडतायत! घरची हवा द्या म्हणाले."

मी धावत गेले. व्हरांड्यात उभी राहून त्या बत्तीस जणांची यादी मोठ्याने वाचू लागले.

डॉक्टर हसले. "बाई, आकड्यांनी कुणी बरं होतं का?"

"नाही. पण लपवले तर माणसं मरतात."

मी वाचत राहिले. नवव्या नावाला, आपल्याच मुलाच्या, एक बाई मटकन खाली बसली. बाकीची रांग तिला वळसा घालून पुढे सरकली.

मेहुण्यांना सरकारी दवाखान्यात हलवलं. प्राणवायू, औषधं, सगळं मिळालं. फार उशीर झाला होता. सहाव्या दिवशी ते गेले.

"डॉक्टरांचं ऐकून घरची हवा दिली असती तर वाचले असते," बहीण म्हणाली. ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. दोन वर्षं झाली. मला दुसरं कुणी नाही, आणि घर खायला उठतं.

तरी सांगते. दवाखान्यात किती मेले, एवढ्यावर थांबू नका. आलेले किती गंभीर होते आणि घरी सोडलेले महिन्याने कसे आहेत, हे विचारा. विचारल्याने आपली माणसं दुरावली, तरी विचारा.