उघड्या पेटीतली चाचणी

कॉम्प्युटर बंद पडला याची संपादिकेला फारशी भीती वाटली नाही. यंत्रं बंद पडतात, पुन्हा सुरू होतात. तिला भीती वाटली ती बंद पडण्याच्या जरा आधी पडद्यावर उमटलेल्या हिरव्या चौकोनांमुळे.

पडद्यावर एक म्हातारा पाणबुड्या बोलत होता. पुलांचे खांब पाण्याखाली उतरून तपासण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याच्यावरचा माहितीपट संध्याकाळपर्यंत वाहिनीकडे पोचायचा होता आणि तयार फाइल बाहेर काढण्याचं काम अर्ध्यावर आलं होतं. बोलता बोलता त्याचा अर्धा गाल हिरव्या चौकोनांनी खाल्ला, आवाजात कचकन काही तुटलं, आणि पडदा काळा झाला.

ती मुलाखत पुन्हा घेता येणार नव्हती. चित्रीकरणानंतर पाणबुड्याच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि आवाज गेला तो गेलाच. कॅमेऱ्यातली कार्डं पुसून कधीच दुसऱ्या कामाला लागली होती. संपादन तिने जुन्या कॉम्प्युटरवर केलं होतं. चित्रातले रंग शेवटचे जुळवण्यासाठी सगळं या नव्या कॉम्प्युटरच्या पेटीत उतरवलं आणि जुनी डिस्क रिकामी केली. दिग्दर्शिकेकडे एक प्रत होती, तीही याच पेटीवरून घेतलेली, आणि ती पिशवीत घेऊन बाई प्रवासात होत्या. त्या माणसाचा आवाज आता शाबूत होता की नव्हता, हे टेबलाखालच्या पेटीलाच विचारावं लागणार होतं.

तिने पेटी बांधणाऱ्याला फोन केला. तो तिचा धाकटा दीर.

घरात त्याला वेगोबा म्हणत. नाव पाडलं होतं तिच्या नवऱ्याने. कॉम्प्युटरच्या मेमरीला कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचं हा वेगोबाचा नाद होता, आणि अलीकडे धंदाही. कोणाकडे किती वेग साधला याचे आकडे तो इतर लोक पोरांचे मार्क सांगतात तसे सांगायचा. वहिनीची पेटी बांधली तेव्हा तिचा आकडा त्याने घरच्या ग्रुपवर टाकला होता. सासूबाईंनी तो आकडा बघून खाली विचारलं होतं, ताप आहे का रे कोणाला.

तो आला तो पेनड्राइव्ह हातात घेऊनच. चपला काढता काढता त्याने सगळं ऐकून घेतलं. तिचा प्रश्न एकच होता. फाइल खराब झाली आहे, की फाइल चांगली आहे आणि कॉम्प्युटर ती चुकीची वाचतो आहे? त्याने डिस्कचं नाव घेतलं, केबलचं घेतलं, मग मदरबोर्डच्या जुन्या फर्मवेअरचं. मेमरीचं नाव घेतलं नाही. ती त्याने स्वतः तपासली होती, आणि त्या मेमरीवर संशय घेणं म्हणजे त्याच्या पोराला चोर म्हणण्यासारखं होतं.

फर्मवेअर म्हणजे मदरबोर्डवरच राहणारा, कॉम्प्युटर जागा होताना सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम. त्याची नवी आवृत्ती आली होती आणि तीत मेमरीची कुरबूर मिटवल्याचं म्हटलं होतं. त्याने तीच पेनड्राइव्हवर आणली होती. तिने विचारलं, याने मुलाखतीला धक्का नाही ना लागणार.

“फाइल डिस्कवर, फर्मवेअर बोर्डावर,” तो म्हणाला. “दोघांची तोंडओळखसुद्धा नाही, वहिनी.”

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. पेटी अजून तापलेलीच होती. त्याने सरळ बोर्डाच्या मेनूत शिरून नवं फर्मवेअर लिहायला लावलं. जुनं पुसलं गेलं. पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली. शेवटाशी ती थांबली आणि खाली लाल ओळ आली: लिहिलेलं आणि मूळ जुळत नाही.

वेगोबाने खुर्ची मागे सरकवली. आपण काय केलं ते त्याला त्या ओळीनेच सांगितलं. फर्मवेअर लिहिण्याआधी मेमरी साध्या वेगावर आणायची, हा नियम तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत असे. पेनड्राइव्हवरून निघालेली फाइल आधी मेमरीत येते, तिथून बोर्डावर जाते. मेमरीने वाटेत एक अक्षर जरी बदललं, तर बोर्डावर कचरा लिहिला जातो. त्याने नियम पाळला नव्हता, कारण आपल्या मेमरीवर त्याचा विश्वास होता.

त्याने पुन्हा लिहून पाहायचा प्रयत्न केला. बाण हलेना, कीबोर्डची कोणतीही कळ दाबून काही होईना. शेवटी बटण दाबून त्याने पेटी बंद केली आणि परत सुरू केली. पंखे फिरले. पडद्यावर काही आलं नाही.

“गेला?” तिने विचारलं.

“बोर्ड गेला. डिस्क नाही.”

“मला बोर्डाशी काय करायचंय, भाऊजी? मला ती डिस्क आज वाचायची आहे.”

तो टेबलाखाली शिरला. बोर्डाच्या मागच्या बाजूला अशाच प्रसंगासाठी एक बारीक बटण होतं. ते दाबलं की बोर्ड प्रोसेसर आणि मेमरी दोघांनाही न विचारता पेनड्राइव्हवरून स्वतःच फर्मवेअर उचलतो. अट एवढीच, की पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा आणि फाइलीचं नाव ठरलेलंच हवं. तिच्या लॅपटॉपवर त्याने दोन्ही करून घेतलं. बटण दाबलं. दिवा थोडा लुकलुकला आणि तसाच स्थिर पेटून राहिला. बोर्डाने नकार दिला होता.

त्याने नाव तपासलं, बरोबर होतं. मग पेनड्राइव्ह उलटा करून पाहिला. त्याची साठवणक्षमता फार मोठी होती. असे बोर्ड मोठ्या पेनड्राइव्हला कधीकधी ओळख दाखवत नाहीत. तिने ध्वनिमुद्रण यंत्राबरोबर आलेला एक जुना, छोटा पेनड्राइव्ह शोधून दिला. त्याने सगळं पुन्हा केलं आणि बटण दाबताना तिच्याकडे पाहिलं नाही.

दिवा लुकलुकू लागला आणि या वेळी थांबला नाही. दोघं जमिनीवर बसून त्याच्याकडे बघत राहिली. मध्येच दिग्दर्शिकेचा फोन आला. संपादिकेने सांगितलं की अडचण आली आहे, थोड्या वेळात कळवते. अडचण कसली ते तिने सांगितलं नाही.

दिवा विझला. त्याने पेटी सुरू केली. पंखे फिरले, पडदा काळाच राहिला. बराच वेळ काही हललं नाही. तिचा हात बटणाकडे गेला, तेव्हा त्याने मध्ये आपला तळवा धरला. फर्मवेअर नवं असलं की बोर्ड मेमरीशी पहिल्यापासून जुळवून घेतो, तोवर पडद्यावर काही दिसत नाही, आणि नेमके इथेच घाबरून लोक पेटी बंद करतात, असं तो हळू आवाजात सांगत राहिला. ते तिला सांगणं कमी आणि स्वतःला जास्त होतं.

पडद्यावर बोर्डाची खूण आली.

नव्या फर्मवेअरने जुन्या सगळ्या नोंदी पुसल्या होत्या. मेमरी कारखान्याच्या साध्या वेगावर आली होती. त्याचा हात सवयीने कीबोर्डकडे गेला, आकडा पुन्हा चढवायला. तिने कीबोर्ड आपल्याकडे ओढला. हिरवे चौकोन जिथे आले होते ती जागा तिने लावली. पाणबुड्या बोलला, त्याचा गाल शाबूत होता. तिने तीच जागा पुन्हा लावली, पुन्हा शाबूत.

“बघा,” तो म्हणाला. “फर्मवेअरच होतं.”

“तुम्ही दोन गोष्टी बदलल्यात. फर्मवेअर आणि वेग.” ती त्याच्याकडे वळली. “मेमरीची चाचणी कशी घेतली होती?”

त्याने सांगितलं. चाचणीचा प्रोग्रॅम, पूर्ण फेऱ्या, एकही चूक नाही.

“झाकण लावून?”

“झाकण कोण लावतं, वहिनी?”

बोलून झाल्यावर त्याला आपलं वाक्य ऐकू आलं. त्याच्या खोलीत एकाही पेटीला झाकण नव्हतं. त्याच्या ओळखीत ज्यांना हा नाद होता, त्या कोणाच्याच नव्हतं. सारखा हात घालायचा असल्यावर झाकणं भिंतीशी उभी असत. शिवाय त्याची चाचणी एकट्या मेमरीची होती. ग्राफिक्स कार्ड तेव्हा गार बसलेलं असायचं. वहिनीने मात्र पेटी घरी आल्या दिवशीच धूळ नको म्हणून झाकण लावलं होतं, आणि माहितीपटाची फाइल बाहेर काढताना ते कार्ड सगळी गरम हवा थेट मेमरीवर सोडत होतं. उघड्या पेटीत निर्दोष ठरलेली मेमरी बंद पेटीत चुका करत होती, आणि त्या कोणाला सांगत नव्हती.

पुढचं त्यालाच बोलावं लागलं. “तुम्ही मुलाखत या पेटीत उतरवलीत, तेव्हाही झाकण...”

“लावलेलं होतं. आणि रंगाचं काम सोबत चालू होतं.”

मग तिने मुलाखत पहिल्यापासून लावली आणि हेडफोनचा एक कान त्याच्याकडे दिला. ती चित्राकडे बघत होती, तो फक्त ऐकत होता. पाणबुड्या बालपणाबद्दल बोलला, पहिल्या पोशाखाबद्दल, गढूळ पाण्यात बोटांनी भेगा कशा चाचपायच्या त्याबद्दल. सगळं स्वच्छ होतं. मग तो थांबला, कॅमेऱ्यापासून तोंड फिरवलं आणि एका दिवसाबद्दल बोलू लागला. त्या दिवशी दोघे खाली उतरले होते आणि एकच वर आला होता. दुसऱ्याचं नाव त्याने कित्येक वर्षांत ओठांवर आणलं नव्हतं. चित्रीकरणाच्या दिवशी कॅमेऱ्यापुढे आणलं.

नेमकं तिथे हिरवं आलं, आणि नावाच्या जागी एक करकरीत आवाज.

तिने मागे नेऊन पुन्हा लावलं. तीच जागा, तेच हिरवं. आता दोष वाचण्यात नव्हता, उतरवतानाच फाइलीत लिहिला गेला होता. दिग्दर्शिकेला फोन करून तिने आपल्याकडची डिस्क बघायला सांगितली. बाईंनी गाडी बाजूला घेऊन ती लॅपटॉपवर बघितली. तिथेही तेच होतं, कारण ती प्रत इथूनच गेली होती.

वेगोबा खाली बघत म्हणाला की आवाज तयार करता येतो. त्याच माणसाचा, अगदी हुबेहूब. एवढी मुलाखत आहे, तिच्यावरून कोणतंही नाव वदवून घेता येईल. कोणाला कळणारसुद्धा नाही.

“त्यांनी ते नाव एकदाच घेतलं, भाऊजी,” ती म्हणाली. “मी ते त्यांना दुसऱ्यांदा घ्यायला लावणार नाही.”

ती बोलता बोलता थांबली. मग तिने दिग्दर्शिकेला परत फोन लावला आणि विचारलं की जुन्या कॉम्प्युटरवरून पहिला कच्चा जोड, म्हणजे संपादनाचा पहिला मसुदा, बघायला पाठवला होता, तो फोनमध्ये अजून आहे का. असे जोड चित्र बारीक करून, आवाज दाबून पाठवायचे असतात. बघितले की लोक उडवून टाकतात. बाईंनी उडवला नव्हता.

जोड आला. चित्र पाण्याखालून बघावं तसं होतं, आवाज पातळ, डबीतून आल्यासारखा. पण नाव होतं. तिने तेवढाच तुकडा कापून मुलाखतीत बसवला. सांधा ऐकू येत होता, दिसतही होता. ती तो घासत बसली नाही. पेटीचं झाकण लावून, मेमरी साध्या वेगावर ठेवून तिने फाइल बाहेर काढायला लावली आणि वाहिनीला उशीर होणार म्हणून कळवलं.

फाइल गेली. ती बघून दिग्दर्शिकेचा फोन आला. नाव येतं तिथे आवाज एकदम बसतो, त्या म्हणाल्या. बघणाऱ्याला वाटेल की म्हाताऱ्याचाच कंठ दाटला. पण असं झालं कसं?

वेगोबाने मान वर केली.

“माझ्या हातून झालं,” संपादिका म्हणाली. “उतरवल्यावर मी दोन्ही प्रती जुळवून बघायला हव्या होत्या.”

फोन ठेवल्यावर तो काहीतरी बोलायला लागला. तिने बोलू दिलं नाही.

“अशा पेट्या आणखी किती जणांना बांधून दिल्यात?”

त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. एक वास्तुरचनाकार होता, एक रुग्णांची क्ष-किरण चित्रं ठेवणारी डॉक्टर होती, एक लग्नांचे फोटो काढणारा.

“आधी डॉक्टरांना लावा,” ती म्हणाली.

त्याने नंबर लावला आणि घंटा वाजत असताना काय बोलायचं ते जुळवत खिडकीपाशी उभा राहिला.